रुळणे आणि रुळवणे : नव्या क्लचच्या पहिल्या पाचशे मैलांसंबंधी

मोटारीत नवा क्लच बसविला की काम पुरे झाले, अशी सामान्य समजूत असते. वस्तुतः क्लच घडविण्याचे काम कारखान्यात एका मर्यादेपर्यंतच होते; उरलेले काम रस्त्यावर, चालकाच्या पायाखाली, पहिल्या काही शे मैलांत व्हावयाचे असते. एंजिनाची शक्ती वाढविलेल्या मोटारींसाठी जो अधिक पकडीचा क्लच बसवितात, ज्याला व्यवहारात ‘परफॉर्मन्स क्लच’ म्हणतात, त्याच्या बाबतीत ही गोष्ट विशेष खरी आहे. अशा क्लचबरोबर येणाऱ्या इंग्रजी सूचनापत्रात या अवधीला बहुधा ‘ब्रेक-इन’ असे नाव असते. या नावाने निर्दिष्ट होणारी क्रिया नेमकी कोणती, ती कशी घडते, आणि मराठीत ती कोणत्या क्रियापदाने सांगावी, हे तीन प्रश्न वरवर पाहता निरनिराळ्या शास्त्रांचे वाटतात. परंतु क्रिया समजल्याखेरीज शब्द निवडता येत नाही, आणि सूचनेतला शब्द चुकला तर क्रियाही चुकते. त्या चुकीची किंमत चालकाला मोजावी लागते: महागडी क्लचप्लेट पहिल्याच आठवड्यात निकामी होते, किंवा त्याहून वाईट म्हणजे, घाटात पुढच्या वाहनाला मागे टाकीत असता ऐन वेळी क्लच घसरतो आणि एंजिन नुसतेच गरजत राहते.

१. रचना

क्लचचे तीन प्रमुख भाग असतात. एंजिनाच्या दांड्याला जोडलेले जड चाक, म्हणजे फ्लायव्हील. गिअरपेटीच्या दांड्यावर पुढेमागे सरकू शकणारी चकती, म्हणजे क्लचप्लेट. आणि या चकतीला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी प्रेशरप्लेट. चकतीच्या दोन्ही अंगांना घर्षणद्रव्याचे अस्तर असते. पायाखालचा क्लच दाबला म्हणजे प्रेशरप्लेट मागे हटते, चकती मोकळी होते, आणि एंजिन व चाके यांचा संबंध तुटतो. पाय उचलला म्हणजे स्प्रिंगच्या जोराने चकती दोन पृष्ठभागांच्या मध्ये पुन्हा धरली जाते.

एंजिनाचा जो पीळ, म्हणजे टॉर्क, या घर्षणाच्या बळावर पुढे जाऊ शकतो त्याचे गणित सोपे आहे. घर्षणांक, दाब, चकतीची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या यांचा तो गुणाकार होय. उदाहरणादाखल, घर्षणांक ०.३०, दाब ६००० न्यूटन, त्रिज्या ०.१ मीटर आणि पृष्ठभाग दोन धरले तर क्लचची क्षमता ३६० न्यूटन-मीटर येते. एंजिन अधिक शक्तीचे असेल तर या चार घटकांपैकी एखादा वाढवावा लागतो. स्प्रिंग कडक करून दाब वाढविता येतो, चकत्यांची संख्या वाढविता येते, किंवा अधिक घर्षणांकाचे अस्तर वापरता येते. परफॉर्मन्स क्लच म्हणजे या तीन उपायांपैकी एक किंवा अनेक उपायांचा संयोग होय.

२. दोन पृष्ठभागांची भेट

वरील गणितात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती ही की अस्तर आणि लोखंड परस्परांस सर्वत्र सारखे टेकलेले आहेत. नव्या क्लचमध्ये ते तसे नसतात. डोळ्यांना गुळगुळीत दिसणारा धातूचा पृष्ठभाग सूक्ष्मदृष्टीने पाहिल्यास उंचवट्यांनी व खळग्यांनी भरलेला असतो. असे दोन पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले असता प्रत्यक्ष स्पर्श फक्त उंचवट्यांच्या माथ्यांवर होतो. केंब्रिज येथील बाउडन आणि टेबर या दोन शास्त्रज्ञांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात ही कल्पना सविस्तर मांडली: खरे स्पर्शक्षेत्र हे दिसणाऱ्या क्षेत्राचा अत्यंत अल्प भाग असते.

येथे चिकित्सक वाचकाच्या मनात एक शंका येणे स्वाभाविक आहे. फ्रान्समधील आमाँताँ याने १६९९ मध्ये मांडलेल्या आणि कुलाँब याने १७८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी पुष्टी दिलेल्या नियमानुसार घर्षणाचे बल हे दाबाच्या प्रमाणात असते. दिसणाऱ्या क्षेत्रफळाशी त्याचा संबंध नसतो. मग स्पर्श थोड्या ठिकाणी असो वा पुष्कळ ठिकाणी, पकड सारखीच असावयास हवी. रुळण्याची गरजच काय?

या शंकेचे उत्तर तीन अंगांनी देता येते. पहिले असे की, क्षेत्रफळ बदलले तरी घर्षण बदलत नाही, पण उष्णतेची वाटणी बदलते. घसरणीत निर्माण होणारी सारी उष्णता थोड्या ठिकाणी एकवटली तर तेथील तापमान एकदम चढते, अस्तरातले राळेसारखे बंधक द्रव्य बिघडते, आणि खुद्द घर्षणांकच खाली येतो. दुसरे असे की, स्पर्श चकतीच्या आतल्या कडेलाच होत असेल तर गणितातली सरासरी त्रिज्या तेवढ्यापुरती घटते आणि तिच्याबरोबर क्षमताही घटते. तिसरे, आणि सर्वांत महत्त्वाचे, असे की अस्तराचा घर्षणांक हा केवळ अस्तराचा गुण नव्हे. तो अस्तर आणि लोखंड या जोडीचा गुण आहे. अस्तरातील द्रव्याचा अतिसूक्ष्म थर हळूहळू लोखंडावर उतरतो, आणि त्या थरावर अस्तर घासू लागले म्हणजे पकड स्थिर होते. हा थर कारखान्यात देता येत नाही. तो त्याच चकतीने त्याच फ्लायव्हीलवर, अनेक अल्पकालीन घर्षणांतून, उतरवावा लागतो.

म्हणूनच जुन्या फ्लायव्हीलवर नवी चकती बसविताना फ्लायव्हीलचा पृष्ठभाग पुन्हा कातून किंवा घासून घेण्याची प्रथा आहे. जुन्या चकतीने तेथे आपला थर आणि आपले चर ठेवलेले असतात. ते नव्या चकतीच्या उपयोगाचे नसतात. तसेच नव्या भागांवर गंज न यावा म्हणून लावलेले तेल पूर्णपणे पुसून काढावे लागते. तेलाचा अंश राहिला तर जो थर बसावयाचा तो बसत नाही, आणि क्लच धरताना गाडी थरथरते.

मराठी घरांना या क्रियेचा एक जुना दाखला परिचित आहे. जात्याला टाकी लावल्यावर लगेच भाकरीचे पीठ दळीत नसत. आधी थोडे भरड धान्य किंवा कोंडा दळून टाकीत, कारण पहिल्या दळणात कच येई. टाकीचे काम पाथरवटाचे. पण दोन तळ्या परस्परांस जुळविण्याचे काम दळणाऱ्या हातांचे. क्लचच्या बाबतीत हेच काम चालकाच्या पायाकडे येते.

३. उष्णतेचा हिशेब

उभी मोटार हलविताना एंजिन फिरत असते आणि चाके स्थिर असतात. दोहोंचा वेग एक होईपर्यंत क्लचला घसरावेच लागते. एंजिनाचा वेग या काळात कायम ठेवला असे मानले, तर एंजिनाने दिलेल्या ऊर्जेपैकी निम्मी मोटारीच्या गतीत जाते आणि निम्मी क्लचमध्ये उष्णतेच्या रूपाने खर्च होते. म्हणजे मोटारीला जेवढी गतिज ऊर्जा मिळाली तेवढीच उष्णता क्लचने सोसली.

१२०० किलोग्रॅम वजनाची मोटार पहिल्या गिअरमध्ये एंजिनाच्या दर हजार फेऱ्यांना ताशी साडेसात किलोमीटर चालते असे समजू. एंजिन मिनिटाला १२०० फेऱ्यांवर ठेवून पाय उचलला तर क्लच पूर्ण धरेपर्यंत मोटारीचा वेग ताशी ९ किलोमीटर होतो, आणि क्लचमध्ये ३७५० जूल उष्णता निर्माण होते. एंजिन २४०० फेऱ्यांवर नेऊन तीच क्रिया केली तर वेग ताशी १८ किलोमीटर होतो, पण उष्णता १५,००० जूल, म्हणजे चौपट. फेऱ्या दुप्पट, उष्णता चौपट. नव्या क्लचवर एंजिन गरजवून गाडी का सोडू नये, याचे कारण या एका प्रमाणात सामावलेले आहे.

यापुढचा धोका चक्राकार आहे. वर घेतलेल्या उदाहरणात क्लचची पूर्ण क्षमता ३६० न्यूटन-मीटर होती. नवेपणी स्पर्श अपुरा असल्याने परिणामी घर्षणांक ०.२२ इतकाच मिळतो असे धरल्यास क्षमता २६४ वर येते. एंजिनाचा कमाल पीळ ३२० असेल, तर रुळलेल्या क्लचला तो सहज पेलेल, पण नव्या क्लचला पेलणार नाही. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबताच क्लच घसरेल, घसरल्याने तापेल, तापल्याने अस्तरातील बंधक द्रव्य पृष्ठावर येऊन काचेसारखा चकचकीत थर धरील, त्या थराने घर्षणांक आणखी उतरेल, आणि क्लच आणखी घसरेल. नव्या क्लचच्या पहिल्या काळात निम्म्याहून कमी शक्तीने चालविण्याची जी सूचना असते, ती हे चक्र सुरूच होऊ नये यासाठी असते. तेव्हा बाजारात अधिक पकडीचा म्हणून विकला जाणारा क्लच हा पहिल्या दिवशी अधिक पकडीचा असेलच असे नाही.

४. मैल की मिलने

अनेक उत्पादक साधारण अस्तराच्या क्लचसाठी सुमारे ५०० मैलांचा, म्हणजे ८०० किलोमीटरांचा, अवधी सांगतात, आणि त्याबरोबर हेही सांगतात की हे मैल शहरातील थांबत-सुटत वाहतुकीचे असावेत. महामार्गावरचे मैल हिशेबात धरू नयेत. पुष्कळ चालकांना ही अट विक्षिप्त वाटते. परंतु क्लचचे घर्षण फक्त तो धरतेवेळी होते. एकदा धरला की चकती आणि फ्लायव्हील एकजीव होऊन फिरतात, त्यांच्यात घसरण नसते, आणि म्हणून थर बसण्याची क्रियाही थांबते. शहरात दर किलोमीटरला तीन वेळा क्लच वापरावा लागतो असे धरले तर ८०० किलोमीटरांत २४०० मिलने होतात. महामार्गावर दर दहा किलोमीटरांना एकदा धरले तर केवळ ८०. अंतर तेच, पण अनुभव तीसपट कमी. मैल हे येथे केवळ मोजण्याच्या सोयीचे परिमाण आहे. खरे परिमाण मिलनांची संख्या हे होय.

यावरून कोणी असा तर्क करील की, मग मुद्दाम ‘हाफ क्लच’वर गाडी धरून ठेवावी, म्हणजे घर्षण अधिक होऊन काम लवकर उरकेल. हा तर्क चुकीचा आहे. दोन हजार क्षणिक घर्षणांच्या दरम्यान फ्लायव्हीलला उष्णता शोषून निवण्यास वेळ मिळतो. एका दीर्घ घर्षणात तो मिळत नाही. चढावर ब्रेकऐवजी क्लचच्या आधाराने गाडी उभी ठेवणे, पाय सतत क्लचवर टेकवून ठेवणे, या काळात दुसरे वाहन ओढणे, या सर्व गोष्टी याच कारणाने वर्ज्य होत. उलट पहिल्या दिवसांत किंचित थरथर किंवा सौम्य वास आला तर घाबरण्याचे कारण नसते. परंतु वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर एंजिनाच्या फेऱ्या वाढल्या आणि वेग वाढला नाही, तर क्लच घसरतो आहे हे निश्चित समजून लगेच पाय काढावा.

अस्तराच्या द्रव्याप्रमाणे ही मर्यादा बदलते. तंतू व राळ यांच्या मिश्रणाचे सेंद्रिय अस्तर मवाळपणे धरते आणि साधारणपणे वरील अवधीत रुळते. स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ मध्ये ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत शोधलेल्या केव्हलार या तंतूचे अस्तर पुढे दीर्घकाळ टिकते, पण सुरुवातीला त्याला अधिक मैल आणि अधिक संयम लागतो. या अवधीत ते तापले तर काचेसारखा थर फार लवकर धरते. धातूच्या भुकटीत सेरॅमिक द्रव्ये मिसळून भाजलेले अस्तर उष्णता अधिक सोसते, परंतु ते झटक्याने धरते आणि फ्लायव्हीलही अधिक झिजविते. शर्यतीसाठी योग्य ते रोजच्या रहदारीसाठी योग्य असतेच असे नाही.

५. नावांचा विचार

आता या क्रियेच्या नावांकडे वळता येईल. इंग्रजी ‘ब्रेक-इन’ हा शब्दप्रयोग घोडा वठणीवर आणण्याच्या व्यवहारातला आहे. त्यात एक कर्ता आहे, एक प्रतिकार करणारे कर्म आहे, आणि त्या प्रतिकाराचा भंग आहे. अमेरिकेत हा प्रयोग यंत्रांनाही लागला. ब्रिटनमध्ये त्याच अर्थाने ‘रनिंग-इन’ असे म्हणत. विसाव्या शतकाच्या मध्यास तेथील नव्या मोटारींच्या मागील काचेवर, ‘गाडी नवी आहे, आपण पुढे जावे’ अशा आशयाची पाटी याच शब्दांनी लावलेली असे. या प्रयोगात जोर चालण्यावर आहे, दमनावर नाही. तिसरा इंग्रजी प्रयोग ‘बेड-इन’ हा वस्तू आपल्या जागी नीट बसण्याचे चित्र उभे करतो. फ्रेंच ‘रोदाज’ हा शब्द ज्या लॅटिन धातूपासून आला त्याचा अर्थ कुरतडणे असा आहे. तेथे झीज प्रधान आहे. जर्मन ‘आइनफारेन’ मध्ये पुन्हा चालविणे प्रधान आहे. क्रिया एकच, पण एक भाषा दमन पाहते, दुसरी चाल, तिसरी झीज.

सूचनापत्राच्या वाचकाला हा भेद केवळ कुतूहलाचा नसतो. ‘ब्रेक-इन’ म्हणजे क्लचला जोर दाखवून नरम करणे, असा ग्रह झालेला चालक नेमके तेच करील जे करू नये.

मराठीत गॅरेजमधील मिस्त्री या प्रसंगी सामान्यतः ‘क्लच अजून सेट झाला नाही, थोडे दिवसांत सेट होईल’ असे म्हणतो. या वाक्याचे व्याकरण लक्षात घेण्याजोगे आहे. क्रियापद अकर्मक आहे. क्लच हाच कर्ता आहे. चालकाचा उल्लेखही नाही. दोन पृष्ठभाग परस्परांना जुळतात, हे यंत्रातले वास्तव या अकर्मक रचनेत बिनचूक उतरले आहे. तथापि ‘सेट होणे’ या प्रयोगात, सिमेंट जसे आपोआप काळाने धरते तशी काहीशी ध्वनी-छटा आहे. गाडी आठ दिवस दारात उभी ठेवली तर क्लच मुळीच सेट होणार नाही.

मराठीतील इतर क्रियापदे तपासली असता प्रत्येकाची मर्यादा दिसून येते. ‘मुरणे’ हे लोणच्याचे क्रियापद आहे. त्यात काळ आहे, पण वापर नाही. ‘झिजणे’ यात वापर आहे, पण केवळ हानी आहे. ‘बसणे’ यात परिणाम आहे, पण क्रम नाही; शिवाय क्लच ‘बसविला’ म्हणजे गाडीत जोडला, असा अर्थ रूढ असल्याने गोंधळ संभवतो. ‘सरावणे’ हे जवळ येते, परंतु ते मुख्यतः सजीवांसाठी वापरतात. संस्कृतातून ‘अनुकूलन’ यासारखे नाम घडविता येईल. पण नामाने क्रिया कोणी, कशाने आणि किती काळ करावयाची हे झाकले जाते, आणि सूचनापत्राला तर नेमके तेच सांगावयाचे असते.

‘रुळणे’ या क्रियापदात मात्र अपेक्षित घटक एकत्र आढळतात. वाट रुळते ती अनेक पावलांनी. एका जड पावलाने नव्हे. माणूस नव्या कामात रुळतो तो दिवसेंदिवसाच्या व्यवहाराने. भाषेत नवा शब्द रुळतो तो पुनःपुन्हा उच्चारला गेल्याने; कोशात नोंदला म्हणून नव्हे. या सर्व ठिकाणी वापर आहे, पुनरावृत्ती आहे, काळ आहे, आणि शेवटी वस्तू व परिसर यांची परस्परांशी झालेली जुळणी आहे. नव्या क्लचचे वर्णन याहून नेमके करणे कठीण.

एक सूक्ष्म प्रश्न उरतो. सूचना देताना क्रियापदाचे कोणते रूप घ्यावे? ‘रुळवणे’ हे प्रयोजक रूप घेतले, तर कर्तृत्व चालकाकडे जाते आणि ‘ब्रेक-इन’मधील दमनाची छटा मागल्या दाराने परत येते. नुसते ‘रुळणे’ घेतले, तर चालकाची जबाबदारी नाहीशी होते. मराठीत या दोहोंमधली एक रचना आहे: ‘ऊ’कारान्त कृदन्तापुढे ‘देणे’. ‘मुलाला झोपवणे’ आणि ‘मुलाला झोपू देणे’ यांत जो भेद आहे, तोच ‘क्लच रुळवणे’ आणि ‘क्लच रुळू देणे’ यांत आहे. दुसऱ्या रचनेत क्रिया वस्तूची राहते, आणि तीत अडथळा न आणण्याची जबाबदारी माणसाची होते. क्लचच्या बाबतीत चालकाचे कर्तव्य बव्हंशी हेच आहे.

६. सूचनेचे रूप

मात्र क्रियापद योग्य निवडले तरी त्याने रीत सांगितली जात नाही. ती क्रियाविशेषणांनी व आकड्यांनी सांगावी लागते. वरील विवेचनाला धरून मराठी सूचना अशी होऊ शकेल: ‘नवा क्लच शहरातील वाहतुकीत सुमारे ८०० किलोमीटर रुळू द्यावा. महामार्गावरील अंतर यात धरू नये. या काळात एंजिनाच्या फेऱ्या कमी ठेवून गाडी हलवावी, ॲक्सिलरेटर निम्म्याहून अधिक दाबू नये, आणि हाफ क्लचवर गाडी धरून ठेवू नये. उत्पादकाने निराळा आकडा दिला असल्यास तो पाळावा.’ या चार वाक्यांत गॅरेजमध्ये न समजणारा एकही शब्द नाही, आणि मूळ इंग्रजी नावातील घोडाही नाही.

यंत्रविषयक मराठी लिहिताना प्रथम इंग्रजी शब्दाचा प्रतिशब्द शोधावयाचा आणि मग त्या शब्दाला क्रिया जोडावयाची, असा क्रम पुष्कळदा घेतला जातो. क्लचचे उदाहरण उलट क्रमाची उपयुक्तता दाखविते. दोन पृष्ठभागांत प्रत्यक्ष काय घडते ते आधी पाहावे. ते वापरणाऱ्या माणसांनी त्यासाठी कोणती वाक्यरचना स्वाभाविकपणे स्वीकारली आहे ते ऐकावे. आणि त्यानंतर शब्द ठरवावा. ‘क्लच’, ‘गिअर’, ‘हाफ क्लच’ ही परकी नामे मराठीत रुळून गेली आहेत आणि त्यांना हलविण्याचे प्रयोजन नाही. लक्ष द्यावयाचे ते क्रियापदाकडे, कारण चालकाचा पाय कसा पडावा हे सूचनेतले नाम नव्हे, क्रियापद ठरविते.